खुर्ची घेताना घ्यावयाची काळजी

देश चालवायची हौस आहे ना? मग आधी खुर्ची नीट पारखून घ्या. मुख्य प्रकार दोनच, अध्यक्षीय आणि संसदीय. जनतेला कोणती सोसेल हा वाद घटनातज्ज्ञांना घालू द्या. तुम्हाला कोणती मानवेल तेवढं आपण बघू.

अध्यक्षीय खुर्ची जमिनीत पक्की रोवलेली असते. अमेरिकेत एकदा बसलात की चार वर्षं बिनघोर. महाभियोग नावाचा एक पाना आहे म्हणतात, पण १८६८ पासून तीन अध्यक्षांवर मिळून चार वेळा फिरवला, सिनेटमध्ये एकदाही नट ढिला झाला नाही. तुम्ही नालायक निघालात तरी लोक कॅलेंडरकडे बघत बसतात. खोट एकच, तिजोरीची किल्ली कायदेमंडळाकडे. ते रुसलं की संपलं. २०१८ च्या डिसेंबरात असंच रुसणं झालं आणि निम्मंअर्धं सरकार ३५ दिवस बंद राहिलं, लाखो कर्मचारी बिनपगारी. पण तुम्ही कशाला घाबरता? या खुर्चीची खरी गंमत तीच आहे. तुम्ही त्यांच्याकडे बोट दाखवायचं, त्यांनी तुमच्याकडे. दोघंही जनतेनेच निवडलेले, त्यामुळे दोघांचंही खरं! चूक नेमकी कोणाची हे मतदाराला उमगेपर्यंत पुढची निवडणूक येते.

संसदीय खुर्चीत हे सुख नाही. पक्कं बहुमत असेल तर कायदा तुमचा, अर्थसंकल्पही तुमचाच, मग खापर फोडणार कोणावर? (आधीच्या सरकारावर. पण ते किती वर्षं पुरवायचं?) शिवाय तिचे पाय आपल्याच माणसांच्या हातात असतात. ब्रिटनमध्ये २०२२ साली लिझ ट्रस यांना पंतप्रधानपदाचे जेमतेम ४९ दिवस मिळाले, आणि घरी पाठवायला विरोधक लागलेच नाहीत, स्वपक्षाने काम उरकलं. भारतात १९९९ साली वाजपेयींचं सरकार मित्रपक्ष फिरल्यावर एका मताने गेलं. तेव्हा विरोधक मोजत वेळ घालवू नका, मित्र मोजा, सकाळ-संध्याकाळ.

दोन्हींचे गुण एकत्र करावेत असं वाटतंय? इस्रायलने करून पाहिलं. १९९६ पासून पंतप्रधान थेट लोकांनी निवडायचा, पण संसदेचा विश्वासही हवाच. लोकांनी पंतप्रधान एकाला दिला आणि संसदेची मतं छोट्या छोट्या पक्षांत वाटून टाकली. २००१ मध्ये तो कायदाच मोडीत काढला.

बेल्जियमचं नाव मात्र कोणापुढे काढू नका. २०१० च्या निवडणुकीनंतर तिथे ५४१ दिवस नवं सरकार बनलंच नाही. काळजीवाहू मंडळी काळजी वाहत राहिली आणि देश चालत राहिला. हे लोकांना कळलं तर आपली गरज काय उरली?

आणि जर्मनीच्या तर वाटेलाच जाऊ नका. तिथे चॅन्सेलरला, म्हणजे तिथल्या पंतप्रधानाला, पाडायचं तर त्याच्या जागी कोण, हे त्याच ठरावात बहुमताने ठरवावं लागतं. १९४९ पासून हे एकदाच जमलं, १९८२ साली. पाडापाडीची सगळी मजाच घालवलीय मेल्यांनी.