फरक निकालाच्या आधीच पडतो

धनाढ्य आरोपी सुटतात ते न्यायव्यवस्था पैशाला वश होते म्हणून, हा एका लेखातील निष्कर्ष मला अपुरा वाटतो. आमच्या वाड्यावरील एका मजुराला पाण्याचा पंप चोरल्याच्या आरोपावरून अटक झाली, तेव्हा जामीन मंजूर होऊनही तो नऊ दिवस तुरुंगातच राहिला, कारण एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या मालकीची नोंद) घेऊन न्यायालयात उभा राहील असा जामीनदारच त्याला मिळेना. (शेवटी मी गेलो, तेही घरच्यांची बोलणी खाऊन.) याउलट आपल्या गोव्यातील खाण प्रकरणात बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालाने 2012 साली सुमारे 35,000 कोटी रुपयांच्या नुकसानीचा अंदाज मांडला आणि सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये 88 खाण लीजांचे (भाडेपट्ट्यांचे) नूतनीकरण रद्द केले, मात्र लीज रद्द होणे वेगळे आणि माणसाला शिक्षा होणे वेगळे. पंप चोराच्या हातात सापडतो. कंपनीत सही एकाची, नफा दुसऱ्याचा आणि ठराव संचालक मंडळाचा असतो, त्यामुळे बार्जमध्ये चढलेल्या खनिजामागचा गुन्हेगारी हेतू एकेका व्यक्तीवर सिद्ध करण्यासाठी रॉयल्टीची चलने, वाहतूक परवाने आणि निर्यातीची बिले ताडून पाहावी लागतात, आणि तेवढ्यात तपास अधिकाऱ्याची बदली झालेली असते.