डाव्या हातालाही काम हवं

आमच्या पुण्याच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या भाचीच्या पियानोवरून दोन तट पडलेत. ताई म्हणते, पियानोने मुलांची बुद्धी वाढते, गणित सुधारतं. भावोजी म्हणतात, दहावीला वाढीव गुण गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षांचे मिळतात, तर पेटीच लावा, निदान आपलं वाद्य तरी आहे. मी इथे जर्मनीत, डॉर्टमुंडला, चाळिशी उलटल्यावर पियानो शिकते आहे. मला दोघांचंही पटत नाही.

आधी बुद्धीचं. ही समजूत पसरली ती १९९३ मधल्या एका अमेरिकन प्रयोगावरून. त्यात कॉलेजातल्या ३६ मुलांना मोझार्टचा दोन पियानोंसाठीचा सोनाटा दहा मिनिटं ऐकवला, तेव्हा आकार ओळखायच्या चाचणीत त्यांना थोडे जास्त गुण पडले. परिणाम टिकला दहा-पंधरा मिनिटं. मुलं वाजवत नव्हती, नुसती ऐकत होती. तरी पाच वर्षांत जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर नवजात बाळांना अभिजात संगीत वाटायची योजना मांडून मोकळे झाले! पुढे २००४ मध्ये टोरांटोत सहा वर्षांच्या मुलांवर झालेला अभ्यास जास्त प्रामाणिक आहे. वर्षभर कीबोर्ड किंवा गाणं शिकलेल्या मुलांचा बुद्ध्यांक इतरांपेक्षा जेमतेम तीन गुणांनी जास्त वाढला. नाटक शिकलेली मुलं मात्र चारचौघांत वागायला सुधारली, आणि संगीतवाल्यांत तो फरक दिसला नाही. ताई, फायद्याचाच हिशोब करायचा तर बालनाट्याचा क्लासही बघून ठेव.

आता 'आपलं वाद्य'. पेटीचं, म्हणजे हार्मोनियमचं, पेटंट १८४२ मध्ये पॅरिसमध्ये घेतलं गेलं. तिच्यातून मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (सुरांमधले बारीक सूर) सापडत नाहीत म्हणून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दाराबाहेर ठेवलं होतं. पियानोवर आज हाच आक्षेप घेतला जातो आणि तो खराही आहे, पण पेटी सोसणाऱ्या घराने तो घेऊ नये. आपल्या नाट्यसंगीताने तर पायाने भाता मारायचा परदेशी ऑर्गन असा आपलासा केला की बालगंधर्वांच्या पदांमागे तो नसला तर चुकल्यासारखं वाटतं.

पेटीत डावा हात भात्याला जुंपलेला असतो, सूर सगळे उजव्याकडे. पियानोत डाव्यालाही स्वतःचं बोलणं असतं आणि ते उजव्याच्या मागेमागे जात नाही. सुरुवातीला दोन्ही हात एकमेकांचं ऐकत नाहीत. मग हळूहळू दोन वेगळ्या ओळी एकदम कानात राहायला लागतात. आमचा कान तानपुरा आणि एक गळा यावर वाढलेला, त्याला ही सवय नवी आहे. माझ्या मते पियानो शिकायचा तो एवढ्यासाठी. शिवाय पट्टी हळू दाबली तर आवाज हळू, जोरात दाबली तर मोठा, त्यामुळे बोटांची बेपर्वाई लपत नाही.

इथलं सगळं छान आहे असंही नाही. गावोगावी नगरपालिकेच्या संगीतशाळा आहेत, पण पियानोला बऱ्याच ठिकाणी प्रतीक्षायादी असते. शेजाऱ्यांच्या तक्रारी तर थेट सर्वोच्च न्यायालयात जातात. २०१८ मध्ये एका ट्रम्पेटवादकाच्या खटल्यात कोर्टाने सांगितलं की कामाच्या दिवशी दोन-तीन तास, रविवारी आणि सुट्टीला एक-दोन तास, साधारण एवढं घरी वाजवायला हरकत नसावी. (आपल्या सोसायट्यांना गणपतीत हे वाचून दाखवावं.) आणि इथली कितीतरी मुलं समोरचा स्वरलिपीचा कागद काढून घेतला की गप्प बसतात. आपल्याकडे गुरुजींनी गायलं, ते पेटीवर काढून दाखव म्हटलं की दहा वर्षांचं पोर चाचपडत का होईना, काढतं. ही कमाई पियानोच्या क्लासात घालवू नये.

एक गोष्ट मात्र इथली उचलण्यासारखी आहे. सत्र संपताना मुलं पालकांसमोर वाजवतात, पुष्कळदा दोघं मिळून एकाच पियानोवर, नाहीतर कुणाच्या व्हायोलिनला साथ म्हणून. चुका होतात, टाळ्या पडतात, केक खाल्ला जातो. पुण्या-मुंबईत ओळखीच्या घरांतून दिसतं ते ग्रेडचं, म्हणजे एकेक पायरीच्या परीक्षांचं, चक्र. ही ग्रेडची पद्धत लंडनची, पण पुढची ग्रेड गाठायची घाई खास आपली. वर्षभर परीक्षेचे तेच तीन तुकडे घासायचे, सर्टिफिकेट फ्रेम करायचं आणि दहावी आली की पियानोवर इस्त्रीचे कपडे.

म्हणून ताईला कळवलंय: महागडं काही घेऊ नका, खऱ्या पियानोसारख्या जड दाबाच्या ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो वापरलेला मिळाला तर तोच बरा, हेडफोन लावून रात्रीही वाजवता येतो. पियानोच्या बाईंना फीबद्दल विचारण्याआधी विचारा, मुलीला त्या कुणाबरोबर वाजवायला बसवतात का. आणि भावोजी, पेटी घरात आहेच, तीही उघडा. 'आपलं वाद्य' म्हणता, तर आधी तुम्हीच दोन स्वर वाजवून दाखवा की!