१७४४ च्या आधीची मुलं : एका आक्षेपाला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. आक्षेप थोडक्यात असा : माझ्या लेखात मी बालसाहित्याचा आरंभ १७४४ साली, लंडनचा पुस्तकविक्रेता जॉन न्यूबेरी याने काढलेल्या चिमुकल्या पुस्तकापाशी धरला, त्यात पंचतंत्र, इसाप आणि तोंडी चालत आलेल्या कथा वगळल्या गेल्या. म्हणजे हा पुस्तकविक्रेत्याचा इतिहास झाला, मुलांचा नव्हे.

हे शेवटचं वाक्य मला लागलं, कारण ते खरं आहे. १७४४ हे धंद्याच्या इतिहासातलं साल. मुलांच्या वाचनाच्या इतिहासातलं साल म्हणून मी ते लिहिलं, ही चूक झाली. लेखात दुरुस्ती करतो आहे.

मात्र 'मग पंचतंत्रापासून सुरुवात करा' हे मला पटत नाही. विष्णुशर्म्याने तीन मठ्ठ राजपुत्रांना सहा महिन्यांत शहाणं करण्याचा विडा उचलला, ही चौकट खरी. पण आत काय आहे? जिवलग मित्रांत फूट कशी पाडावी, शत्रूच्या गोटात शिरून त्याचं घर कसं जाळावं. हे राजकारणाचे धडे आहेत. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने हा ग्रंथ पहलवीतून (जुन्या फारसीतून) अरबीत नेला, तोही दरबारात चिटणीशी केलेला माणूस. सिंह, बैल, कावळे आणि घुबडं मुलांनी स्वतःच उचलली. रॉबिन्सन क्रूसो (१७१९) आणि गलिव्हर (१७२६) यांचंही तेच झालं. दोन्ही पुस्तकं मोठ्यांसाठी लिहिलेली. फेरीवाल्यांकडच्या स्वस्त, कापून छोट्या केलेल्या प्रतींतून ती मुलांच्या हाती गेली. मुलांसाठी लिहिलेलं आणि मुलांनी आपलंसं केलेलं, हे दोन वेगळे इतिहास आहेत. मी पहिलाच लिहिला, आणि तुम्हीही पंचतंत्राला त्यातच बसवू पाहता आहात.

न्यूबेरीचं महत्त्व मी तरीही कमी करणार नाही. त्याच्या सत्तरेक वर्षं आधी इंग्लंडमध्ये जेम्स जेनवे या धर्मोपदेशकाचं मुलांसाठीचं पुस्तक खूप वाचलं जाई. त्यात होत्या देवभक्त मुलांच्या मरणाच्या हकीकती. पुढे १६९३ मध्ये तत्त्वज्ञ जॉन लॉकने लिहिलं की मुलाला गोडी लागेल असं वाचायला द्या, इसाप द्या, शक्यतो चित्रांसह. न्यूबेरीने तो विचार दुकानात आणला. पुस्तक सहा पेन्सला. मुलासाठी चेंडू किंवा मुलीसाठी टाचण्यांची उशी हवी असेल तर आठ पेन्स. खेळण्याची एक बाजू लाल, दुसरी काळी. चांगलं वागलं की लाल बाजूला टाचणी टोचायची, वाईट वागलं की काळ्या. करमणूक आली, पण हिशेबाची वही सोबत घेऊन आली.

तोंडी कथांबाबत तुमचं म्हणणं मला सर्वांत मोलाचं वाटतं. पण त्या आपल्यापर्यंत पोहोचतात त्या मोठ्यांच्या लेखणीतून. जर्मनीच्या ग्रिम बंधूंच्या लोककथासंग्रहाचा १८१२ चा पहिला खंड अभ्यासकांच्या टिपांसह निघाला होता. पन्नास कथांची, खास मुलांसाठीची छोटी आवृत्ती आली १८२५ मध्ये. मधल्या काळात, १८१९ च्या आवृत्तीत, हिमगौरीचा जीव घ्यायला निघालेली सख्खी आई सावत्र झाली. दुरुस्त लेखात या बदलाला स्वतंत्र जागा देतो आहे. ती प्रतिक्रिया आली नसती तर तो भाग लिहिला गेला नसता.