झाडाची वलये पुढच्या पावसाचे भाकीत सांगत नाहीत

गेल्या आठवड्यात इंदूरजवळच्या देपालपूरहून मामांचा फोन आला. या खरिपाला सोयाबीनचा पीकविमा उतरवायचा नाही आणि लवकर येणारे वाण सोडून सगळ्या शेतात उशिरा येणारे, जास्त उताऱ्याचे वाण पेरायचे, असे त्यांनी ठरवले होते. कारण विचारले तेव्हा त्यांनी मला व्हॉट्सॲपवरचा एक संदेश पाठवला. इंदूरच्या आमच्या नातेवाइकांच्या गटात तोच संदेश आधीच तीन जणांनी टाकलेला होता आणि मी तो वाचूनही गप्प बसले होते. आता गप्प बसणे योग्य नाही, कारण अडुसष्ट वर्षांचा एक शेतकरी त्याच्या भरवशावर वर्षाचे पीक पणाला लावायला निघाला आहे.

संदेशाचा आशय असा आहे: प्रत्येक झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय पडते. रुंद वलय म्हणजे चांगला पाऊस आणि अरुंद वलय म्हणजे दुष्काळ, त्यामुळे तोडलेल्या कोणत्याही झाडाचा बुंधा पाहून मागच्या शंभर वर्षांचा पाऊस कोणालाही वाचता येतो. सूर्यावरच्या डागांचे चक्र 11 वर्षांचे असल्याने वलयेही दर 11 वर्षांनी अरुंद होतात, म्हणून मागच्या दुष्काळापासून 11 वर्षे मोजावीत आणि मधली वर्षे निर्धास्त राहावे. दुष्काळ आणि उष्मा पूर्वीही होताच, त्यामुळे तापमानवाढीची भीती खोटी आहे. परदेशी शास्त्रज्ञांनी वलयांत दिसणारी तापमानाची घसरण लपवली. शेवटी, वलयांची रुंद बाजू नेहमी उत्तरेकडे असते.

यातला 11 वर्षांचा दावा सर्वांत घातक आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करते. तो खोडून काढायला झाडाची गरजही नाही. आपल्या देशात मान्सूनने मोठी ओढ दिलेली अलीकडची वर्षे 2002, 2004, 2009, 2014 आणि 2015 ही आहेत. त्यांच्यातली अंतरे दोन, पाच, पाच आणि एक वर्ष अशी येतात. त्याआधीचा मोठा दुष्काळ 1987 चा, म्हणजे 2002 पासून पंधरा वर्षे मागचा; आणि 1965 व 1966 ही तर लागोपाठची दुष्काळी वर्षे होती. संदेशातला नियम मानून एखादा शेतकरी 2002 नंतर 2013 पर्यंत निर्धास्त राहिला असता, तर त्या काळात त्याला दोन दुष्काळ सोसावे लागले असते, आणि त्यांपैकी 2009 मध्ये देशभरचा पाऊस सरासरीहून 22 टक्के कमी पडला होता. ही वर्षे मामांनी स्वतः शेतात काढलेली आहेत. मी ती फोनवर एकेक करून सांगितली, तेव्हा प्रत्येक वर्षी कोणत्या शेतात किती पोती निघाली हे त्यांना आठवत होते, आणि तरीही संदेशाबरोबरच्या गोल बुंध्याच्या छायाचित्राचा त्यांच्या मनावरचा प्रभाव ओसरत नव्हता.

हा दावा आला कुठून, तेही सांगितले पाहिजे, कारण त्याच्या मुळाशी एक खरा माणूस आणि एक खरा प्रयत्न आहे. अँड्र्यू एलिकॉट डग्लस हे अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ होते. विसाव्या शतकाच्या आरंभी ॲरिझोनातल्या कोरड्या प्रदेशातील पाइनच्या खोडांत ते सूर्याच्या डागांचे चक्र शोधू लागले. डागांमुळे हवामान बदलत असेल, हवामानामुळे झाडाची वाढ बदलत असेल, तर दुर्बिणीच्या आधीच्या काळातल्या सूर्याचा इतिहास झाडात सापडेल, अशी त्यांची अपेक्षा होती. त्यांनी त्यासाठी अनेक दशके खर्ची घातली. पण ज्यावर पावसाचा अंदाज बांधता येईल असा भरवशाचा नियम त्यातून निघाला नाही. निघाली ती वेगळीच आणि फार मोलाची गोष्ट, म्हणजे वेगवेगळ्या झाडांतील रुंद-अरुंद वलयांचा क्रम एकमेकांशी जुळवून प्रत्येक वलयाचे नेमके वर्ष ठरवण्याची पद्धत. 1929 मध्ये शो लो या गावी सापडलेल्या एका जळक्या तुळईने जुन्या आणि नव्या लाकडांच्या क्रमांतला खंड भरून निघाला आणि त्या भागातल्या मूळ रहिवाशांच्या पडक्या वसाहतींतील लाकडे कोणत्या वर्षी तोडली होती हे सांगता येऊ लागले. डग्लस यांचे नाव राहिले ते या पद्धतीमुळे. संदेश लिहिणाऱ्याने त्यांचा न साधलेला हेतू उचलला आणि साधलेले काम सोडून दिले.

एक गोष्ट मात्र मला नाइलाजाने मान्य करावी लागते. सूर्याचे सुमारे 11 वर्षांचे चक्र झाडाच्या वलयांत खरोखरच सापडते, पण ते वलयांच्या रुंदीत नसून लाकडातल्या कार्बन-14 च्या, म्हणजे कार्बनच्या एका किरणोत्सारी प्रकाराच्या, प्रमाणात असते. सूर्य अधिक सक्रिय असताना त्याचे चुंबकीय क्षेत्र अवकाशातून येणारे किरण काहीसे अडवते, त्यामुळे पृथ्वीच्या वातावरणात कार्बन-14 कमी तयार होतो, आणि त्या वर्षीच्या लाकडात तो त्या प्रमाणात उतरतो. झुरिचच्या ईटीएच संस्थेतील संशोधकांच्या चमूने 2021 मध्ये जवळजवळ हजार वर्षांच्या वलयांतून हे चक्र मोजून दाखवले. ते मोजायला अतिशय संवेदनशील यंत्रे लागतात. डोळ्यांनी ते दिसत नाही, आणि त्यातून पुढच्या आषाढात देपालपूरला किती पाऊस पडेल हे मुळीच कळत नाही.

आता 'कोणतेही झाड' या दाव्याकडे वळते. वर्षाचे वलय उमटण्यासाठी झाडाची वाढ वर्षातून एकदा स्पष्टपणे थांबावी लागते. थंड प्रदेशात हिवाळ्यामुळे ती थांबते. आपल्याकडे आंबा सदाहरित असतो, त्याला वर्षात अनेकदा पालवी फुटते आणि एकाच झाडाच्या दोन फांद्याही एकदम पालवत नाहीत. त्यामुळे त्याच्या लाकडात भरवशाचे वार्षिक वलय बहुधा मिळत नाही. वडाची तर पारंब्या एकमेकींत मिसळून अनेक खोडे होतात, तिथे कोणत्या खोडाची वलये मोजणार? रस्तारुंदीत पडलेल्या आंब्याचा बुंधा पाहून त्याचे वय अमुक वर्षे असे छातीठोकपणे सांगणारे लोक इंदुरात मी पाहिले आहेत. त्यांच्या आकड्याला काही आधार नसतो.

सागवानाची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि आपल्या भागाला ती अभिमानाने सांगता येते. सागवान उन्हाळ्याआधी पाने टाकतो आणि त्याची वाढ थांबते. पावसाळ्याच्या सुमारास पुन्हा वाढ सुरू झाली की आधी मोठमोठ्या वाहिन्यांची एक ओळ तयार होते. रंधलेल्या तोंडावर ही बारीक छिद्रांची रांग नुसत्या डोळ्यांना दिसते. ज्यांना पाहायची असेल त्यांनी एखाद्या लाकडाच्या वखारीत जाऊन सागवानाच्या ओंडक्याचे तोंड पाहावे. याच गुणामुळे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांना केरळच्या सागवानापासून 523 वर्षांची सलग वलयमाला उभी करता आली, आणि एल निनोच्या, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापते तेव्हाच्या, दुष्काळी वर्षांची खूण तिच्यातल्या अरुंद वलयांत आढळली.

परंतु मामांसाठी माझा मुख्य आधार याहून जवळचा आहे. नर्मदाकाठच्या होशंगाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या नर्मदापुरमच्या, सागवानावरून लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील संतोष शाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये जून ते सप्टेंबरच्या पावसाचा मागचा इतिहास मांडला. जंगल आपलेच आहे, पाऊसही आपलाच. अशा कामाची रीत समजून घेतली की 'कोणालाही वाचता येतो' हे वाक्य किती पोकळ आहे ते कळते. एका झाडावर कोणीही विसंबत नाही. शेजारचे झाड पडले आणि ऊन मोकळे झाले, तर पाऊस बेताचा असूनही वलय रुंद होते. किडीने भर हंगामात पाने फस्त केली आणि नंतर पुन्हा पालवी आली, तर एका वर्षात दोन वलयांचा भास होतो. फार वाईट वर्षी खोडाच्या काही भागात वलय पडतच नाही. शिवाय झाड जसे जाडजूड होते, तसे तेवढेच लाकूड मोठ्या घेरावर पसरते आणि वलये आपोआप अरुंद होत जातात. हा वयाचा परिणाम गणिताने वजा केला नाही, तर प्रत्येक जुन्या झाडावरून पाऊस कमी कमी होत गेल्याचाच निष्कर्ष निघेल.

म्हणून अनेक झाडांचे नमुने घेतात, ते एकमेकांशी वर्षावार जुळवतात, आणि मग पर्जन्यमापकाच्या प्रत्यक्ष नोंदींशी त्यांचे नाते तपासतात; नोंदींच्या एका भागावर नाते बसवायचे आणि ते खरे ठरते का हे उरलेल्या भागावर पाहायचे, अशी ही कसोटी असते. इतके करूनही पावसाच्या चढउताराचा काही अंशच वलयांत उतरतो, आणि तसे संशोधक स्वतःच लिहून ठेवतात. नमुना घेण्यासाठी झाड तोडावेही लागत नाही. पोकळ गिरमिटाने पेन्सिलीहून बारीक अशी लाकडाची काडी बाहेर काढतात. तोडलेल्या बुंध्याचे छायाचित्र फिरवणाऱ्यांनी निदान एवढे तरी सांगायला हवे होते.

घसरण लपवल्याच्या आरोपात अर्धे सत्य आहे आणि ते मी टाळणार नाही. इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातील संशोधकांचे ईमेल 2009 मध्ये चोरून प्रसिद्ध करण्यात आले आणि त्यांत 'घसरण लपवणे' असे शब्द होते. ती घसरण तापमानाची नव्हती. उत्तरेकडच्या अतिथंड प्रदेशातील काही झाडांच्या लाकडाची घनता 1960 च्या सुमारापासून तापमानाबरोबर वाढेनाशी झाली होती. तापमापकावरचा पारा चढत होता आणि ती झाडे त्याच्याशी जुळत नव्हती. ही गोष्ट कीथ ब्रिफा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्येच 'नेचर'मध्ये उघडपणे छापली होती. पण 1999 च्या एका अहवालाच्या मुखपृष्ठासाठी दिलेल्या आलेखात झाडांची माहिती तिथे तोडून तिला तापमापकाच्या नोंदी जोडल्या होत्या आणि तसे स्पष्ट सांगितले नव्हते. चौकशी करणाऱ्या मुइर रसेल समितीने 2010 मध्ये संशोधकांचा प्रामाणिकपणा मान्य केला, मात्र तो आलेख दिशाभूल करणारा होता असेही म्हटले. तो आलेख तसा द्यायला नको होता. त्यावरून तापमानवाढ खोटी ठरत नाही, कारण आजची वाढ आपल्याला तापमापकांनी सांगितली आहे, झाडांनी नव्हे.

दुष्काळ पूर्वीही होते, हे खरे आहे. एडवर्ड कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये आशियाभरातील तीनशेहून अधिक वलयमाला एकत्र करून मान्सूनच्या दुष्काळांचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. त्यात 1790 ते 1796 चा, म्हणजे अहिल्याबाईंच्या अखेरच्या वर्षांतला दुष्काळ आहे, आणि 1876 ते 1878 चाही आहे, ज्यात दख्खनपासून मद्रासपर्यंत लाखो माणसे अन्नावाचून मेली. हे वाचून निर्धास्त व्हावे असे कोणाला कसे वाटू शकते, हे मला समजत नाही. 'डग डग रोटी, पग पग नीर' म्हणणाऱ्या या माळव्यानेही छपन्याचा, म्हणजे विक्रम संवत 1956 मधला (1899-1900 चा), दुष्काळ पाहिलेला आहे.

रुंद बाजू उत्तरेकडे असल्याचा दावा दोन वाक्यांतच संपतो. उतारावर किंवा कलून वाढलेल्या झाडाचे खोड त्या कलानुसार एका बाजूला जाड होते, आणि कल कोणत्याही दिशेला असू शकतो.

हे सगळे ऐकून मामांनी विचारले, 'मग पुढचे कळत नसेल तर इतकी उठाठेव कशासाठी?' प्रश्न रास्त आहे. पर्जन्यमापकाच्या नोंदी शे-दीडशे वर्षांच्या असतात, आणि तेवढ्यावरून सरासरी काढली तर कधी कधी मोठी फसगत होते. अमेरिकेतील कोलोरॅडो नदीच्या पाणीवाटपाचा करार 1922 मध्ये झाला, तेव्हा वर्षाला 1 कोटी 60 लाख एकर-फुटांहून अधिक पाणी गृहीत धरले गेले (एकर-फूट म्हणजे एक एकर जमिनीवर एक फूट उंच साचेल इतके पाणी). पुढे 1976 मध्ये स्टॉकटन आणि जेकोबी यांनी वलयांवरून दाखवले की दीर्घकाळची सरासरी सुमारे 1 कोटी 35 लाख एकर-फूटच आहे; कराराआधीची वर्षे विलक्षण ओली होती. जे पाणी नदीत नव्हतेच, त्याची वाटणी झाली होती, आणि तो तंटा आजही मिटलेला नाही. धरण किती मोठे बांधावे आणि सलग किती कोरडी वर्षे येऊ शकतात हे ठरवताना वलये उपयोगी पडतात. या जूनमध्ये कोणते वाण पेरावे हे ती सांगत नाहीत. त्यासाठी हवामान खात्याचा एप्रिलमधला आणि मेअखेरचा सुधारित अंदाज आहे. तोही चुकू शकतो, आणि विमा त्याचसाठी असतो.

मामांना मी शेवटी एवढेच म्हटले की निम्म्या शेतात तरी लवकर येणारे वाण ठेवा. ते विचार करतो म्हणाले. सोयाबीनसाठी शेतकऱ्याचा हप्ता विम्याच्या रकमेच्या दोन टक्क्यांहून जास्त नसतो आणि खरिपाची मुदत साधारणपणे जुलैअखेर संपते. त्यांच्या जमिनीचे कागद आणि बँकेचे पासबुक घेऊन रविवारी मी देपालपूरला जाणार आहे.