अकरावी-बारावीच्या नव्या इतिहास शिक्षकांस

ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवायची ऑर्डर हाती आली म्हणता? अभिनंदन. आता पहिली गोष्ट, तुमचं एम.ए. विसरा. तिथे साधनांची चिकित्सा वगैरे काही शिकला असाल तर ते पदवीच्या कागदाबरोबर फायलीत ठेवून द्या. वर्गात लागतो तो खणखणीत आवाज आणि गेल्या वर्षीच्या नोट्स.

समोर बसलेल्यांत निम्मे सायन्सला नंबर न लागलेले असतील आणि उरलेले एमपीएससीच्या आशेवर. दोघांचाही प्रश्न एकच असतो, ‘सर, हे येतं का?’ या प्रश्नावर चिडू नका. तो तुमचा सर्वांत मोठा मित्र आहे. एखादी चर्चा अंगाशी येतेय असं वाटलं, की फक्त म्हणा, ‘हे परीक्षेला येत नाही.’ अख्खा वर्ग त्या क्षणी शांत होतो.

आता शिवजन्माची तारीख. हा धडा फार धोक्याचा. एके काळी ही तारीख १६२७ ची धरत. मग टिळकांनी प्रकाशात आणलेल्या जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या तारीखवार नोंदींत, शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया निघाली, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. पुढे ‘शिवभारत’ हे महाराजांच्या काळातलं संस्कृत काव्य आणि जोधपूरला सापडलेली त्यांची कुंडली तिच्या बाजूने उभी राहिली. तरीही वाद इतका चिवट, की १९६६ साली सरकारने इतिहासकारांची समिती नेमली आणि तिच्यातही सगळे एका मताला आले नाहीत. तारखेच्या जयंतीला सरकारी सुट्टी लागली ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. कागद कोणाचा, लिहिला कधी, त्याला दुजोरा कशाचा, एका साधनाने दुसऱ्याला कसं हरवलं, हे सगळं मुलांच्या जिवाभावाच्या विषयात आयतं हाती येतं. म्हणूनच टाळा. तुमच्या वर्गातली मुलं तारखेच्या जयंतीलाही झेंडा धरतात आणि तिथीच्याही. दोन का, हे त्यांनी आजवर विचारलेलं नाही. तुम्ही कशाला सुचवता? तारीख फळ्यावर लिहा, खाली दोन रेघा मारा, पुढे चला.

पानिपताला मात्र आवाज चढवा. १४ जानेवारी १७६१, संक्रांत कोसळली, वगैरे. मग दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या आणि खुर्द्याची तर गणतीच नाही, ती सावकारी चिठ्ठी म्हणून दाखवा. वर्ग गहिवरतो. शेवटच्या बाकावरचा कोणी विचारेल, ‘सर, मूळ चिठ्ठी कुठे आहे? कोणी, कोणाला लिहिलेली?’ अशा मुलाला लगेच हजेरीपट घेऊन ऑफिसात पाठवा. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला तो पानिपताच्याच काळातल्या पत्रांचा. त्यासाठी ते गावोगाव दप्तरं धुंडाळत हिंडले. त्या माणसाचं काय झालं? आयुष्यभर फिरतच राहिला. तुम्हाला पाचला घरी जायचंय.

आता मुख्य मुद्दा. बारावीला ‘तुमचे मत नोंदवा’ नावाचा एक प्रकार असतो. हा प्रश्न ज्यांनी घातला त्यांचा हेतू उदात्त असावा. घाबरू नका, त्यावरही उपाय निघाला आहे. मत गाईडमध्ये छापून येतं. तुम्ही ते सावकाश, स्वल्पविरामांसकट सांगायचं, मुलांनी उतरवून घ्यायचं आणि घरी जाऊन पाठ करायचं. चाचणीचे पेपर तपासताना ‘माझ्या मते’ने सुरू होणारा एकच परिच्छेद सत्तर अक्षरांत वाचायला मिळतो. लोकशाहीत इतकं एकमत दुसरीकडे कुठे दिसणार?

एखादी मुलगी मात्र गोंधळ घालतेच. वसईच्या तहावर सगळ्यांनी लिहिलं असतं, की दुसऱ्या बाजीराव पेशव्याने ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांना स्वातंत्र्य विकलं. ही लिहिते, की ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी हडपसरला त्याचा पराभव केला, तो पळाला, मग त्याच्यापाशी उरलं होतं काय? शिवाय त्याच्या आदल्याच वर्षी यशवंतरावांचे भाऊ विठोजी होळकर यांना हत्तीच्या पायी देऊन हे वैर त्याने स्वतःच ओढवून घेतलं नव्हतं का? म्हणजे सही वसईला झाली, पण तह पुण्यातच सुरू झाला होता. उत्तर वाचून तुम्हाला क्षणभर बरं वाटेल. त्या क्षणाला बळी पडू नका. पाच गुणांना पाच मुद्दे हवेत आणि हिचा एकच आहे, तो कितीही लांब असला तरी. दोन गुण द्या, समासात ‘मुद्दे अपुरे’ लिहा. शेजारच्या मुलाने गाईडमधले पाचही मुद्दे अधोरेखित करून लिहिलेत, त्यांतल्या दोघांचा अर्थ त्याला माहीत नाही. त्याला साडेचार. पाच देऊ नयेत, मुलं शेफारतात.

ऐंशी गुणांचं असं झालं. उरले अंतर्गत वीस. प्रकल्प म्हणजे स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे किल्ल्यांचे चार्ट. ते कापून चिकटवले, की झालं. गावाच्या वेशीवर वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड, असेल, त्याला शेंदूर फासलेला असेल, मुलं रोज त्याच्यावरच दप्तर ठेवून एसटीची वाट बघत असतील. तो कोणाचा, कोणत्या लढाईतला, हे शोधायला त्यांना लावू नका. एकाने शोधलं, की दुसरा आजीला विचारतो, तिसरा तलाठ्याकडे जुने उतारे मागायला जातो आणि शेवटी चौकशी तुमची होते. सोलापूरकडे असाल तर हत्तरसंग कुडलला शके ९४० चा मराठी शिलालेख हाकेच्या अंतरावर आहे. सहल वॉटर पार्कला न्या. मुलं खूश राहतात, पालकही.

मुंबईत असाल तर एवढं सांभाळा, की काळा घोड्याच्या एल्फिन्स्टन कॉलेजाच्या इमारतीतच राज्याचं पुराभिलेखागार आहे. अभ्यासक्रमातल्या कागदांचा एवढा मोठा साठा कॉलेजच्या छताखाली असणं बरं नव्हे. मुलांना कँटीनचा जिना दाखवा.

शेवटी वार्षिक नियोजनाची वही. उद्दिष्टांच्या रकान्यात ‘विद्यार्थ्यांमध्ये चिकित्सक वृत्ती विकसित होईल’ हे वाक्य लागतंच, तपासणीला आलेले साहेब तेवढंच वाचतात. नव्याने रचत बसू नका. तुमच्या आधीच्या सरांच्या वहीत आहे. त्यांनी त्यांच्या आधीच्या मॅडमच्या वहीतून घेतलं होतं. साल तेवढं बदला.