सह्याद्रीखाली भूपट्टांची सीमा नाही

कोयनेला किंवा डहाणू-तलासरीला जमीन हादरली की एक मजकूर हमखास मोबाइलवर फिरू लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: हिमालयाप्रमाणेच सह्याद्रीही दोन भूपट्टांच्या (पृथ्वीच्या कवचाच्या सावकाश सरकणाऱ्या प्रचंड तुकड्यांच्या) टकरीतून वर आला; ती सीमा आजही घाटमाथ्याखालून जाते; १९६७ चा कोयनेचा आणि १९९३ चा किल्लारीचा भूकंप तिच्यामुळेच झाला; कोकणातील गरम पाण्याची कुंडे हा तिच्या धगीचा पुरावा आहे; आणि केनियात जमीन दुभंगली तसे कोकणही एक दिवस देशापासून, म्हणजे घाटावरच्या पठारापासून, सुटून निघेल. भूपट्टांच्या कडा भूपृष्ठाला आकार देतात हे यामागचे मूळ तत्त्व खरे आहे. ते लावताना मात्र कड कुठे आहे आणि ती कोणत्या प्रकारची आहे, हे दोन्ही चुकले आहे.

आधी कडा कुठे आहेत ते पाहू. भारतीय भूपट्टाची उत्तर कड हिमालयात आहे. पूर्वेला ती म्यानमार आणि अंदमानला धरून सुमात्राच्या पश्चिमेकडील सागरी खंदकाकडे जाते. वायव्येला ती चमन भ्रंशावरून (भ्रंश म्हणजे जिच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांलगत सरकतात अशी भेग) खाली येत कराचीच्या पश्चिमेस समुद्रात उतरते आणि अरबी समुद्राच्या तळावरील ओवेन विभंग पट्ट्यामार्गे कार्ल्सबर्ग या समुद्रतळावरील पर्वतरांगेला मिळते. नकाशावर कोयनेला केंद्र धरून हजार किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले, तर यांपैकी एकही रेषा त्यात सापडत नाही. भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमान समुद्रातल्या बॅरन बेटावर आहे, कारण तिथे एक भूपट्ट दुसऱ्याच्या खाली सरकतो आहे; सह्याद्रीत असे काहीही चाललेले नाही.

टकरीचा मुद्दा सर्वांत ठाम सुरात मांडला जातो आणि तोच तपासायला सर्वांत सोपा आहे. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूपट्ट युरेशियाला भिडला तेव्हा मधल्या समुद्राच्या तळावरचे थर चुरगळून, घड्या पडून, एकमेकांवर चढून उंचावले. म्हणूनच ८,८४९ मीटर उंचीच्या एव्हरेस्टच्या माथ्यावर सागरी जीवांचे अवशेष असलेला चुनखडक मिळतो. आता सह्याद्रीतल्या कोणत्याही घाटरस्त्याची कापलेली दरड पाहावी. खाली घट्ट काळा बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा खडक, असतो, त्याच्या वरच्या भागात वायूच्या बुडबुड्यांनी पडलेली आणि पुढे पांढऱ्या स्फटिकांनी भरलेली भोके दिसतात, त्यावर अनेक ठिकाणी भाजलेल्या तांबड्या मातीचा पातळ पट्टा येतो आणि मग पुढच्या लाव्हाचा थर सुरू होतो. हे थर जवळजवळ आडवे आहेत, इतके की दरीच्या अलीकडच्या कड्यावर दिसणारा एखादा थर पलीकडच्या कड्यावरही साधारण त्याच पातळीवर नजरेने ओळखता येतो. टकरीतून वर आलेल्या पर्वतात असे थर शाबूत राहणे शक्य नाही. हे लाव्हारस सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी बाहेर पडले आणि आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्यांच्याखाली आहे. त्यांचा उगम टकरीत नसून भूकवचाखालून वर आलेल्या अतितप्त द्रव्यात होता, आणि त्याचाच अवशेष आज हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली असल्याचे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात.

मग ही कोकणाकडे कोसळणारी भिंत आली कुठून? इथे त्या मजकुरातला एक कण खरा निघतो, फक्त उलट अर्थाने. पश्चिम किनाऱ्यालगत एके काळी खरोखर भूपट्टांची सीमा होती, पण ती जवळ येण्याची नव्हे, दुरावण्याची होती. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर भारतापासून सुटले आणि सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वी सेशेल्सचा तुकडा वेगळा झाला. त्या ताटातुटीत किनाऱ्याकडची बाजू खचली. पनवेलपासून पश्चिमेकडे लाव्हाचे थर आडवे न राहता समुद्राकडे कललेले दिसतात, ते याचेच चिन्ह मानले जाते. तुटलेल्या काठापासून पाऊस आणि पश्चिमवाहिनी नद्या भूमी कुरतडत पूर्वेकडे सरकल्या आणि कडा मागे हटत आजच्या जागी आला. रायगड, माहुली, प्रबळगड हे मुख्य रांगेपासून सुटे उभे असलेले डोंगर त्याच आडव्या थरांचे मागे उरलेले तुकडे आहेत. महाबळेश्वरला, अरबी समुद्रापासून जेमतेम ६४ किलोमीटरवर उगम पावणारी कृष्णा पाठ फिरवून सुमारे १,४०० किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराकडे का जाते, याचेही उत्तर या पूर्वेकडे कललेल्या पठारात आहे. ती जुनी सीमा मात्र इथे थांबली नाही. दोन्ही बाजूंना नवा समुद्रतळ तयार होत गेला आणि आज ती कार्ल्सबर्ग रांगेच्या रूपाने फार दूर गेली आहे. सह्याद्रीला भूपट्टसीमेचे अपत्य म्हणायचेच असेल तर ते दुरावलेल्या सीमेचे म्हणावे लागेल.

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे झाला. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात पाणी साठू लागले होते १९६२ पासून, आणि त्यानंतरच परिसरात धक्के जाणवू लागले होते. पुढच्या दशकांत हे धक्के सुमारे २० किलोमीटर रुंद आणि ३० किलोमीटर लांब अशा छोट्या पट्ट्यातच एकवटलेले राहिले, जलाशयाच्या पातळीतील चढउतारांशी त्यांचा संबंध दिसत राहिला आणि वारणेचे धरण भरू लागल्यावर दक्षिणेकडेही नवे धक्के सुरू झाले. भूपट्टांची सीमा पावसाळ्याकडे आणि धरणाच्या पातळीकडे पाहून हलत नाही. कोयना परिसरातील गोठणे येथे घेतलेल्या सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्रात सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसाल्ट संपून खाली प्राचीन ग्रॅनाइटी खडक लागला. त्यातल्या जुन्या भ्रंशांत पाण्याचा दाब वाढला की आधीच ताणाखाली असलेला खडक लवकर सरकतो. जलाशय हा ताण निर्माण करत नाही, फक्त तो सुटायला निमित्त होतो. धरणाला सर्वस्वी दोषी ठरवणारेही हा फरक अनेकदा विसरतात.

किल्लारीचे उदाहरण तर त्या मजकुराच्या स्वतःच्याच विरोधात जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे हजारो माणसांचा बळी घेणारा तो भूकंप घाटमाथ्यापासून बराच पूर्वेला, कोयनेपासून सुमारे ३०० किलोमीटरवर, सपाट पठारावर झाला. कोयना आणि किल्लारी जोडणारी रेषा सह्याद्रीच्या बाजूने न जाता त्याला छेदून जाते, त्यामुळे दोन्ही भूकंप ‘सह्याद्रीखालच्या’ एकाच सीमेवर बसवताच येत नाहीत. किल्लारीत एका बाजूचा खडक दुसऱ्यावर चढला होता, म्हणजे दाब आवळणारा होता. हा दाब येतो तो मुख्यतः उत्तरेकडच्या टकरीतून: हिमालयात अडलेला भूपट्ट आतपर्यंत आवळला जातो आणि त्यातली जुनी, कमकुवत भेग कधीतरी सुटते. असे भूकंप क्वचित होतात, पण ते कुठेही होऊ शकतात. म्हणून ‘आपण सीमेवर नाही, तेव्हा निर्धास्त’ हा निष्कर्षही मला तितकाच चुकीचा वाटतो.

गरम पाण्याच्या कुंडांविषयी थोडक्यात सांगता येईल. वज्रेश्वरी-गणेशपुरी, उन्हवरे, तुरळ, राजवाडी येथील पाणी पावसाचेच असून ते भेगांतून खोल झिरपते, पृथ्वीच्या नेहमीच्या आंतरिक उष्णतेने तापते आणि वर येते. दर किलोमीटर खोलीला साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान वाढते, त्यामुळे एवढ्या उष्णतेसाठी जवळपास लाव्हारस असण्याची गरज नाही.

राहिला केनियाचा दाखला. मार्च २०१८ मध्ये माई माहिऊ ते नारोक रस्त्याजवळ दिसलेली ती प्रचंड भेग खऱ्याखुऱ्या दुरावणाऱ्या पट्ट्यात होती, तरी ती एकाएकी उघडी पडण्याचे तातडीचे कारण अतिवृष्टीने वाहून गेलेली भुसभुशीत ज्वालामुखी राख हे होते, असे अनेक भूवैज्ञानिकांनी निदर्शनास आणले. तिथे खचदरी आहे, जागृत ज्वालामुखी आहेत, शेकडो किलोमीटर लांब भूकंपांची रांग आहे; आणि तरीही दुरावण्याचा वेग वर्षाला काही मिलिमीटरच आहे. कोकणात यांपैकी एकही खूण नाही. भारतीय द्वीपकल्प वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर वेगाने ईशान्येकडे सरकत असताना त्याच्या अंतर्भागातील जीपीएस केंद्रांचे परस्परांमधील अंतर वर्षाला दोन मिलिमीटरांच्या आतच बदलते, म्हणजे किनारा, घाट आणि देश हे तिन्ही एकाच गतीने चालले आहेत.