बांध कुणी घातला ते पाटीवर लिहा

आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिनाभर एकच विषय चाललाय, वेशीवरच्या कमानीला कुणाचं नाव द्यायचं. गाव अलिबाग तालुक्यातलं, खारेपाटातलं, म्हणजे बांध घालून खारं पाणी अडवलेल्या खाडीकाठच्या पट्ट्यातलं. दोन गट पडलेत, सख्खे चुलत भाऊ एकमेकांशी बोलेनासे झालेत. मी बारा वर्षं अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात राहतो, त्यामुळे "तू तिकडे बसून आम्हाला काय शिकवतोस" हेही ऐकून झालंय. तरी लिहितोय, कारण गेल्या रविवारी इथे एक पाटी वाचली आणि ती डोक्यातून जातच नाहीये.

हायवे १७ वर डॅरियन गाव सोडून दक्षिणेला निघालं की अल्टामाहा नदीच्या मुखाशी बटलर आयलंड लागतं. मॅकिंटॉश काउंटी. भाताच्या जुन्या गिरणीचं विटांचं धुराडं अजून उभं आहे आणि रस्त्याकडेला धातूची हिरवी पाटी. पाटी सांगते की हा १९ व्या शतकातला भाताचा प्रसिद्ध मळा, मालक फिलाडेल्फियाचे पिअर्स बटलर, इथले बांध आणि कालवे हॉलंडच्या इंजिनिअरांनी केले, आणि बटलरांची बायको फॅनी केंबल, इंग्लंडची नामवंत नटी, तिने इथे डायरी लिहिली. ज्यांनी कमरेएवढ्या चिखलात उभं राहून ते बांध घातले त्या गुलामांबद्दल एक शब्द नाही. ती डायरी त्याच माणसांच्या हालाबद्दल आहे हो, १८६३ ला छापून आली तेव्हा लोक हादरले होते, पण पाटीवर डायरीचं नाव आहे आणि डायरीतली माणसं नाहीत.

मी खाली उतरून बांधावर गेलो. तिथे लाकडी दार असलेली मोरी दिसली आणि क्षणभर घरीच आल्यासारखं झालं, कारण ही आपली उघाडीच. फरक एवढाच की आपण दार लावतो ते खारं पाणी बाहेर ठेवायला, आणि इथे भरती नदीचं गोडं पाणी मागे रेटते ते दार उघडून शेतात घ्यायचे आणि ओहोटीला सोडून द्यायचे. असली शेती काय मागते ते मला माहितेय. आजी सांगायची, उधाणाला बांधाला खांड गेली, म्हणजे बांध फुटला, की मध्यरात्री घरटी माणूस निघायचा, चिखल पेंढा जे मिळेल ते घेऊन. त्याला जोळ म्हणायचे. नुसता नकाशा काढून बांध उभा राहत नाही, आणि इथे राबणाऱ्यांतले कितीतरी पश्चिम आफ्रिकेतल्या भात पिकवणाऱ्या मुलखातून आणलेले होते.

त्या माणसांचं पुढे काय झालं हे कळायला शंभरेक किलोमीटरवर सव्हानाला जावं लागतं. तिथे २००८ ला लागलेली दुसरी पाटी आहे. याच पिअर्स बटलरने कर्ज फेडायला २ आणि ३ मार्च १८५९ ला घोड्यांच्या रेसकोर्सवर ४३६ बाया, पुरुष, पोरं लिलावात काढली. कुटुंबं फुटली. त्यांचे वंशज त्याला आजही रडण्याची वेळ म्हणतात. म्हणजे १४९ वर्षांनी पाटी लागली, आणि लागली तीही इतकी लांब की १७ वरून जाणाऱ्याला कळायचंच नाही. अमेरिकेने फार मोठं काम केलं असं मी म्हणणार नाही. पण दुसरी पाटी लागली हे खरं, आणि जुनी पाडून लावली नाही हे मला पटलं. दोन्ही वाचल्या की लबाडी आपोआप दिसते.

आता आपलं. नावं बदलायला माझा विरोध नाही, आमचा कुलाबा जिल्हा १९८१ ला रायगड झाला आणि मला रायगड म्हणायलाच आवडतं. पण छत्रपती संभाजीनगर असो, अहिल्यानगर असो की आमची कमान, भांडण नावापाशी सुरू होतं आणि नावापाशीच संपतं. आमच्या बांधावर पाटी आहे, तिच्यावर योजनेचं नाव, खर्च आणि ठेकेदार. जोळ नाही, कुळं नाहीत. चरी गावचा शेतकऱ्यांचा संप इथून हाकेच्या अंतरावर झाला, २७ ऑक्टोबर १९३३ ला सुरू झाला, नारायण नागू पाटलांच्या मागे २५ गावांची कुळं उभी राहिली, खोतांच्या जमिनी सहा वर्षं कसल्या नाहीत, लाकडं विकून पोट भरलं. बाबासाहेबांनी १९३७ ला खोतीविरुद्ध बिल मांडलं त्याच्या मागे हीच माणसं होती. कूळ आणि गुलाम एकच असं मी म्हणत नाहीये, कूळ लिलावात विकलं जात नव्हतं. पण राबणाऱ्याला पाटीवरून वगळायची रीत मात्र दोन्हीकडे सारखीच आहे, आणि माझा पणजोबा त्या वगळलेल्यांतला आहे.

ग्रुपवर मी लिहिलंय की कमानीवर तुम्हाला हवं ते नाव द्या, मी भांडणार नाही, पण बांधावर उघाडीपाशी दुसरी पाटी लावायची आणि तिच्यावर संपात उतरलेल्या आपल्या गावच्या घरांची नावं घालायची, खर्च मी देतो. आप्पाकाकांना त्यांच्या वडिलांकडून ऐकलेली बरीच नावं पाठ आहेत, वय ८८. रविवारी भाचा फोन घेऊन त्यांच्याकडे रेकॉर्डिंगला जातोय.